कणांच्या अंगावरची लव

"हे सोनं झालंय," मावशी म्हणाल्या.

घाईबाईनं मीटरवरची नजर न काढताच उत्तर दिलं, "ते सोनंच आहे, मावशी. पहिल्यापासून."

"सोन्याचे कण होते. आता सोनं झालंय. इकडे बघ जरा."

मावशींनी बोटाएवढी काचपट्टी चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडासमोर नेली. पट्टीवरचा पातळ थर वरून बघितला तर पिवळाधमक चमकत होता. तीच पट्टी डोळ्यांसमोर आडवी धरून आरपार बघितलं, तर पलीकडची झाडं हिरवट काचेतून दिसावीत तशी दिसत होती.

"मी तुझ्या हातात दिली तेव्हा ही जांभळट-काळी होती," मावशी म्हणाल्या. "काय केलंस हिला?"

"काही नाही. सुकवली. चौदाही पट्ट्या अशाच सुकवल्यात, तापपट्टीवर, एकशेवीस अंशांवर, दहा मिनिटं. वाऱ्यावर सुकायला दोन दिवस लागतात हो."

मावशींनी थर पुन्हा एकदा उजेडात फिरवून बघितला. पट्टी त्यांनी डबीत ठेवली आणि डबीचं झाकण जरा जास्तच जपून लावलं.

मावशी या प्रयोगशाळेत आल्या त्याला सव्वीस वर्षं झाली होती. आल्या तेव्हा काचसामान धुवायला आल्या होत्या. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. पण वडिलांचा मुलामा द्यायचा कारखाना होता, म्हणजे एका लांबट खोलीत चार हौद. बटणं, घड्याळांच्या डब्या, शर्यतीचे चषक असं काय काय तिथं सोनेरी-रुपेरी होऊन बाहेर पडायचं. लहानपणीच त्यांना कळलं होतं की पितळेवर बोटाचा एक ठसा राहिला तरी तिथला मुलामा महिन्याभरात सालासारखा निघतो. धातूचं सगळं भांडण त्याच्या कातडीशी असतं, असं वडील म्हणायचे. हे ज्ञान प्रयोगशाळेत कुणी विचारलं नव्हतं. पण मावशींनी धुतलेल्या काचेवर बसवलेला थर कधी फाटत नाही, हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. मग काच धुणाऱ्या बाई थर बसवायला लागल्या, आणि गेली पंधरा वर्षं त्यांच्या हाताशिवाय तिथं एकही नमुना बनला नव्हता.

या प्रयोगशाळेत काम चालायचं ते सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचं. इतके बारीक की केसाच्या जाडीत दहा हजार कण ओळीनं बसावेत. उघडे ठेवले तर ते एकमेकांना चिकटून गोळा होतात, म्हणून प्रत्येक कणाच्या अंगावर रेणूंचं आवरण चढवतात. मावशी त्याला लव म्हणायच्या. लव लांब असेल तर कण एकमेकांपासून दूर राहतात, आणि विजेला एका कणावरून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही. लव आखूड केली की अंतर कमी होतं, वीज वाहू लागते. घाईबाईनं एक नवाच रेणू लावला होता. तिची आणि प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांची मांडणी अशी होती की हा रेणू नुसता अंतर कमी करत नाही, तर स्वतःच पूल होऊन वीज पलीकडे नेतो. त्यामुळे जिथं आधी अडथळा लाखांत मोजावा लागायचा, तिथं आता बेचाळीस ओहम आला होता. बेचाळीस! त्या आकड्यानं गेले चार महिने प्रयोगशाळेत सगळ्यांची मान ताठ केली होती. लेख एका मोठ्या नियतकालिकाकडे गेला होता आणि घाईबाईची डॉक्टरेट त्याच आकड्यावर उभी होती.

ती पाच वर्षांपूर्वी संशोधन करायला आली. चालता चालता बोलायची, बोलता बोलता लिहायची, एकदा तर चहाचा कप समजून ॲसिटोनचा पेला उचलला होता. मावशींनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव घाईबाई ठेवलं. तिला राग आला नाही. उलट तिनं वहीवर तेच लिहिलं.

त्याच दिवशी, सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी झाली, तेव्हा मावशींनी द्रव नायट्रोजनचं भांडं ओढत आणलं.

"हे कशाला?" घाईबाईनं विचारलं.

"थंडीचं यंत्र आठ महिने बंद आहे, म्हणून पट्टी गार करून मोजायची परीक्षा राहून गेली. आता हातानं करू. तारा जोड."

"मावशी, मला लेखाची चित्रं संपवायचीत."

"जोड म्हणते ना."

तिनं तारा जोडल्या. मावशींनी आधी जुन्या पद्धतीची, लांब लव असलेली एक पट्टी भांड्याच्या तोंडाशी नेली. पांढरी वाफ काठावरून ओघळत होती. पट्टी गार होत गेली तसा मीटरवरचा आकडा चढत गेला, चढत गेला, आणि शेवटी मीटरनं हात टेकले.

"बरोबर," मावशी म्हणाल्या. "उडी मारायला ऊब लागते. थंडीत वीज अडली. लव शाबूत आहे. आता तुझी लाव."

घाईबाईची पट्टी वाफेत उतरली. बेचाळीस. एकेचाळीस. अडतीस. आकडा उतरत एकतीसवर येऊन थांबला.

घाईबाईनं मीटरवर टिचकी मारली. आकडा एकतीसच राहिला.

"अखंड धातू असला की थंडीत वीज अशी सुटसुटीत पळते," मावशी सावकाश म्हणाल्या. "तुझा रेणू नाजूक आहे, पोरी. एकशेवीसची धग त्याला सोसली नाही. तो उडून गेला, कण उघडे पडले आणि एकमेकांत विरघळून गेले. वीज नेतंय ते सोनं. ज्याचं आपण चार महिने कौतुक करतोय तो तिथं नाहीच."

घाईबाई खुर्चीवर बसली. मग उठली. मग पुन्हा बसली.

"एकच पट्टी खराब असेल," ती शेवटी म्हणाली.

"असेल. अजून तेरा आहेत. लावायच्या?"

तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिला दाखवायचे नव्हते, म्हणून ती मीटरच्या बटणाशी खेळत राहिली. "तुम्ही सरांना सांगणार?"

"तुझं काम आहे. तू सांग."

"गुरुवारी समिती येतेय, मावशी. प्रकल्प पुढे चालवायचा की नाही ते ठरणार. आजच का बघितलंत तुम्ही हे? महिनाभर थांबला असतात तर?"

"आजवर तू पट्ट्या सुकवून सरळ डबीत घालायचीस. आज चिमटा सैल झाला म्हणून मला हाक मारलीस. डोळ्यांपुढे आलं, दिसलं. आता काय डोळे काढून ठेवू?"

मंगळवारी घाईबाई सरांच्या खोलीत दोनदा गेली आणि दोन्ही वेळा चित्रांच्या रंगांबद्दल बोलून परत आली. मावशींनी ते काचेतून बघितलं.

बुधवारी सरांनीच मावशींना बोलावलं. टेबलावर चौदा कागद ओळीनं मांडलेले होते.

"बसा मावशी. नियतकालिकानं प्रत्येक नमुन्याचं पत्रक मागितलंय. तयार करणाऱ्याच्या सहीनं. तुमचं नाव पहिल्यांदाच बाहेर जातंय बघा." सर हसले. माणूस वाईट नव्हता. सव्वीस वर्षांत त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता आणि मावशींच्या मुलीच्या आजारपणात स्वतः रक्त दिलं होतं.

मावशींनी चष्मा लावून पहिला कागद वाचला. शेवटच्या ओळीत छापलं होतं, 'मोजणीच्या वेळी कणांवरचं आवरण शाबूत होतं.' खाली सहीची जागा.

"हे शाबूत नव्हतं, सर."

"म्हणजे?"

मावशींनी सांगितलं. पिवळा रंग, हिरवा उजेड, एकतीसचा आकडा, सगळं. घाईबाईचं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही. 'मी बघितलं' एवढंच म्हणाल्या.

सर बराच वेळ पेनचं टोपण काढत-लावत बसले. "पट्टी उघड्यावर, वाफेत, हातानं धरून. याला मोजणी म्हणत नाहीत, मावशी."

"मग यंत्र दुरुस्त करून मोजा. मी थांबते."

"उद्या समिती आहे!" आवाज चढला नाही, पण टोपण टेबलाखाली गेलं. ते त्यांनी वाकून उचललं. "हे बघा, तुमच्या हाताला तोड नाही, हे मी दहा ठिकाणी सांगतो. पण हात तुमचा, अर्थ लावायचं काम आमचं."

"अर्थ तुम्ही लावा की. मी कुठं अडवलंय? पण थर मी बसवलाय. तो कसा आहे हे मीच सांगणार आणि खरं तेच सांगणार. आवरण शाबूत नव्हतं असं लिहा, चौदाच्या चौदांवर आत्ता सही करते."

"मावशी, चार महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय. पुढची दोन वर्षं मुदतवाढ मिळावी म्हणून द्यायचं माझं पत्र अजून वर गेलेलं नाही. मी धमकी देत नाहीये, हां."

"नाही, तुम्ही नुसती आठवण करून देताय," मावशी म्हणाल्या आणि उठल्या.

"उद्या तुम्ही रजा घ्या. आराम करा."

"रजा मी आजारी असले की घेते, सर. उद्या मी बरी असणार आहे."

घरी नवरा स्वयंपाकघरात मटार सोलत बसला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. निवृत्त होऊन त्याला दोन वर्षं झाली होती आणि स्वयंपाकघराचा ताबा त्यानं पुरता घेतला होता. मावशींनी पर्स टेबलावर टाकली आणि उभ्या उभ्याच सगळी हकीकत सांगितली.

"कर की सही," तो म्हणाला. "चार महिन्यांनी तू घरी बसलीस तर मला या खोलीत उभं राहू देशील का? माझ्या पोटावर पाय आणू नकोस."

"चेष्टा पुरे झाली. तो आकडा सोडला तर त्या पोरीची पाच वर्षं पाण्यात जातील. तिचं तोंड बघवत नाही मला."

त्यानं एक शेंग सोलली, दुसरी सोलली.

"अहो, तुम्ही कधी न बघता सही केलीत का?"

"एकदा," तो म्हणाला. "सात मजली इमारत होती. लिफ्टची तार बघायची राहिली होती, दिवस संपत आला होता, आणि मालक डोक्यावर उभा. केली सही. पुढं सहा महिने त्या रस्त्यानं गेलो नाही. लांबचा फेरा घालून घरी यायचो."

"काय झालं होतं?"

"काही नाही झालं. तार चांगली होती. काही झालं नाही, तरी जात नव्हतो मी." त्यानं मटाराचं भांडं पुढं सरकवलं. "बस. हे सोल. हात रिकामे असले की तू उगाच जास्त विचार करतेस."

गुरुवारी समितीचे तिघं आले. दोघं पुरुष आणि काठी घेतलेल्या एक वयस्क बाई. बाईच प्रमुख होत्या. सरांनी पडद्यावर चित्रं दाखवली, पुलाची मांडणी समजावली. बेचाळीसचा आकडा आला तेव्हा दोघा पुरुषांनी एकमेकांकडे बघून भुवया उंचावल्या. घाईबाई भिंतीला टेकून उभी होती. कोपऱ्यात हात मागं बांधून मावशी. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि त्या आल्या होत्या म्हणून कुणी जा म्हणालंही नाही.

शेवटी पाहुणे टेबलाशी आले. काठीवाल्या बाईंनी एक पट्टी डोळ्यांजवळ धरली.

"फार सफाईदार थर आहे. कोण बसवतं हे?"

"मी," मावशी म्हणाल्या.

"छान हात आहे. आणि एवढं सगळं होऊन आवरण टिकतं?"

प्रश्न सहज होता. उत्तर सर देणार होते. त्यांनी तोंड उघडलंही होतं.

"नाही टिकत," मावशी म्हणाल्या.

खोलीत कुणीतरी घसा खाकरला. सर म्हणाले, "मावशी, आपण नंतर..."

"त्यांनी मला विचारलंय, सर. थर माझा आहे." मावशी काठीवाल्या बाईंकडे वळल्या. त्यांचा आवाज थोडा कापत होता आणि तो कापतोय याचा त्यांना स्वतःचाच राग आला, म्हणून त्या जरा मोठ्यानं बोलू लागल्या. "सुकवताना धग जास्त लागली. आवरण गेलंय आणि कण एक झालेत. तुम्ही म्हणाल, हिला काय कळतं. मी सांगते म्हणून मानू नका. थंड करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे."

"हे रीतसर मोजमाप नव्हे," सर बाईंना म्हणाले. "आमच्या मदतनीस बाई आहेत, जुन्या आहेत, जीव लावून काम करतात, पण..."

"सर." भिंतीजवळून आवाज आला. घाईबाई पुढं आली. पहिल्यांदाच ती घाईत नव्हती. एकेक शब्द ठेवत ती म्हणाली, "हे मी सोमवारीच पाहिलं होतं. मावशींनी मला दाखवलं. मंगळवारी मी दोनदा तुमच्याकडे आले आणि सांगितलं नाही. चूक माझी आहे. तापपट्टी मीच वापरली."

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग ते खिडकीकडे बघत राहिले.

काठीवाल्या बाईंनी पट्टी खाली ठेवली. "नायट्रोजन आहे ना इथं? मग करून बघू की."

पट्टी वाफेत उतरली आणि आकडा उतरला. बाईंनी दुसरी लावायला सांगितली, मग तिसरी. तिसरी झाल्यावर त्यांनी वही मिटली. कुणीही कुणाला बोल लावला नाही. चहा आला, तो उभ्यानं घेतला गेला.

सगळे गेल्यावर सर मावशींच्या टेबलाशी आले. एका दिवसात त्यांचे खांदे उतरल्यासारखे वाटत होते.

"मी खोटं बोलत नव्हतो, मावशी. मला खरंच वाटत होतं."

"माहीत आहे मला. म्हणून तर बुधवारी तुमच्या खोलीत सांगितलं, चारचौघांत नाही. तुम्ही ऐकलं नाहीत."

त्यांनी मान डोलावली. एवढंच. ते मुदतवाढीचं पत्र कधी वर गेलं नाही, आणि मावशींनीही विचारलं नाही. लेख मागे घेतला गेला. प्रकल्पाला समितीनं एक वर्ष दिलं, तेही सगळं पुन्हा नीट करून दाखवायच्या अटीवर. पुढच्या सोमवारी मावशींच्या हातात बदलीचा कागद आला. उरलेले चार महिने पहिल्या वर्षाच्या मुलांच्या प्रयोगशाळेत, तळमजल्यावर. सव्वीस वर्षांचं सामान म्हणजे एक चिमटा, दोन ॲप्रन आणि वडिलांच्या कारखान्यातलं एक भिंग. एका पिशवीत मावलं.

महिन्याभरानं घाईबाई त्यांना जिन्यात भेटली. वही छातीशी धरलेली.

"वाऱ्यावर सुकवल्या," ती म्हणाली. "दोन-दोन दिवस. थरसुद्धा मीच बसवले, नऊ फाटले, तीन टिकले. थंडीत आकडा चढतो, मावशी. लव शाबूत आहे."

"आणि वीज?"

"आधीपेक्षा दहापट चांगली जाते." तिनं ओठ आवळले. "दहापट. लाखपट सांगत फिरत होते मी. डॉक्टरेट दीड वर्ष पुढं गेली. घरी आई बोलत नाहीये माझ्याशी."

"माझ्यावर राग आहे?"

"होता. पंधरा दिवस तुमच्या टेबलाकडे बघितलं नाही." तिनं नाक पुसलं. "थोडा अजून आहे."

"असू दे. पण ते दहापट तुझं आहे. कुणी हिसकावून घेऊ शकत नाही. आणि फाटले कसे नऊ? काच कशानं धुतलीस?"

दोघी जिन्यातच बसल्या. मावशी काच धुण्याबद्दल अर्धा तास बोलत होत्या आणि घाईबाई ते एकेक करून लिहून घेत होती.

तळमजल्यावरची प्रयोगशाळा लांब आणि गोंगाटाची. जुनी टेबलं, जुनी मीटरं, एकेका तारेवर तिघं-तिघं. तिथल्या शिक्षकांनी पहिल्याच दिवशी मावशींना सांगितलं होतं की, मुलांच्या हाती उत्तरांची यादी असते, त्यामुळे फार डोकेफोड नको; आकडे यादीशी जुळले की सही करायची. मावशींनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या टेबलांवरच्या याद्या गोळा करून त्यांनी कपाटात ठेवल्या आणि किल्ली ॲप्रनच्या खिशात टाकली. शिक्षक विचारायला आले. "चार महिने आहे मी इथं," मावशी म्हणाल्या. "मी गेले की काढा."

त्या दिवशी एका टेबलावरची मुलगी गोंधळून उभी होती. वही कोरी, पेन्सिल हातात.

"मावशी, याचं उत्तर किती यायला हवं?"

"मला नाही माहीत. काय आलंय?"

"बहुतेक चुकीचं आलंय."

"वाच तरी."

मुलीनं वाकून मीटरचा काटा बघितला. मग मान तिरपी करून पुन्हा एकदा बघितला आणि हळूच, कुणी हसेल की काय अशा आवाजात, आकडा म्हणाली.

"लिही," मावशी म्हणाल्या, आणि ती लिहीपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या.